खेळाडू कोणाचा?

२०२५ सालच्या फेब्रुवारीच्या अखेरीस नागपूरजवळील जामठ्याच्या मैदानावर विदर्भ आणि केरळ यांच्यामध्यें रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. सामना अनिर्णित राहिला व पहिल्या डावांतील ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भास तिसऱ्यांदा करंडक मिळाला, हें वाचकांस ठाऊकच आहे. परंतु त्या सामन्यांतील एक लहानशी गोष्ट धावसंख्येपेक्षां आमच्या मनांत अधिक दिवस राहिली. केरळचा पहिला डाव सांवरून धरणारांमध्यें आदित्य सरवटे हा होता; त्यानें ७९ धावा केल्या. हा सरवटे नागपूरचा. २०१९ सालीं याच मैदानावर सौराष्ट्राविरुद्ध ११ बळी घेऊन त्यानें विदर्भाला करंडक मिळवून दिला होता. उलटपक्षीं, दुसऱ्या डावांत १३५ धावा करून केरळची उरलीसुरली आशा संपविणारा विदर्भाचा करुण नायर हा कर्नाटकांत वाढलेला आणि घराण्यानें मल्याळी. नागपूरचा मुलगा केरळसाठीं लढत होता, आणि मल्याळी घरचा मुलगा विदर्भासाठीं! सरवटे यानें पन्नाशी गांठली तेव्हां आमच्या शेजारीं बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनीं सवयीनें टाळी वाजविली, आणि लगेच इकडेतिकडे पाहून हात मांडीवर ठेवले.

त्या गृहस्थांची टाळी योग्य होती कीं त्यांचा संकोच योग्य होता? खेळाडू हा कोणाचा असतो? ज्या गांवांत तो जन्मला त्या गांवाचा, ज्यांनीं त्याला शिकविलें त्यांचा, जे त्याला पैसा देतात त्यांचा, कीं केवळ स्वतःचा? प्रश्न वरवर करमणुकीचा दिसतो. पण थोडें खोल गेलें कीं, निष्ठा म्हणजे काय आणि ती कोणीं कोणाशीं बाळगावयाची, या फार जुन्या नीतिप्रश्नाशीं आपण येऊन पोहोंचतों.

आम्हांस हा प्रश्न नुसता सुचला असता तर त्यावर लेख लिहिण्याचें कारण नव्हतें. तो आमच्या दारांत येऊन उभा राहिला म्हणून लिहीत आहों. गेल्या उन्हाळ्यांत चंद्रपूरकडील एक परिचित गृहस्थ आमच्याकडे आले. ते एस. टी. मध्यें वाहक आहेत. त्यांचा मुलगा सतरा वर्षांचा, उंची सहा फूट तीन इंच, आणि बास्केटबॉल हा त्याचा ध्यास. बारावीचा निकाल लागण्यापूर्वींच त्यांच्या घरीं दोन संस्थांचे लोक येऊन गेले होते. नागपुरांतील एका खासगी महाविद्यालयानें फीमाफी, वसतिगृहांतील खोली आणि बूट-कपडे देऊं केले होते. दूरच्या प्रांतांतील एका नव्या खासगी विद्यापीठानें तेवढें तर दिलेंच, पण वर दरमहा हातखर्च आणि परप्रांतीय प्रशिक्षक यांचें आमिष दाखविलें होतें. तिसरी वाट गांवाजवळच्या महाविद्यालयाची. तेथें देण्यासारखें कांहीं नव्हतें, मात्र ज्या शिक्षकानें या पोराच्या हातांत पहिल्यानें चेंडू दिला तो तेथें संध्याकाळीं मुलें जमवीत असे.

गृहस्थांनीं सल्ला विचारला आणि आम्ही तो तत्काळ दिला. ज्या मातींत आपण वाढलों तिचें नांव राखावें, पैशाच्या मागें फार दूर जाऊं नये, असें कांहींसें आम्ही बोललों. त्यांनीं तें शांतपणें ऐकून घेतलें व म्हणाले, "तें खरं आहे सर. पण मले एकच सांगा. पोराचा गुडघा गेला त मंग? हे लोक त्याले ठेवतीन का?" आमच्याजवळ उत्तर नव्हतें. आम्ही मुलाच्या निष्ठेविषयीं बोलत होतों. तो बाप संस्थेच्या निष्ठेविषयीं विचारीत होता. त्या दिवसापासून या विषयाचा जो विचार झाला तो वाचकांपुढें ठेवीत आहों.

निष्ठेचा पहिला दावा भूमीचा असतो. आपल्या प्रांताचा, आपल्या विद्यापीठाचा मुलगा दुसऱ्यांकडून खेळला म्हणजे लोकांस तो फितूर वाटतो. पण ही 'आपली' भूमि किती टिकाऊ असते तें पाहूं. नागपूर विद्यापीठ १९२३ सालीं स्थापन झालें तेव्हां त्याला सहा महाविद्यालयें जोडलेलीं होतीं आणि विद्यार्थी अवघे ९२७. मध्यप्रांत व वऱ्हाड हें त्याचें क्षेत्र. जबलपूरचें रॉबर्टसन कॉलेज आणि नागपूरचीं मॉरिस व हिस्लॉप हीं कॉलेजें एकाच छत्राखालीं होतीं. १९४६ सालीं सागर येथें निराळें विद्यापीठ निघालें. १९५६ च्या राज्य-पुनर्रचनेंत नागपूरचें राजधानीपण गेलें व विदर्भ मुंबई राज्यांत आला. १९८३ सालीं अमरावतीस स्वतंत्र विद्यापीठ होऊन वऱ्हाडचे जिल्हे तिकडे गेले. २०११ सालीं गोंडवाना विद्यापीठ होऊन चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे निघाले. आमच्या पाहुण्यांचा मुलगा कांहीं वर्षें आधीं जन्मला असता तर गांवच्या महाविद्यालयांत राहूनहि तो नागपूरचा खेळाडू ठरला असता. आतां तेथेंच राहिला तर तो गोंडवानाचा, आणि नागपूर त्याचें प्रतिस्पर्धी. त्याच्या पायाखालची जमीन जागची हलली नाहीं. हलली ती केवळ कागदावरची रेघ.

खेळांतील विभागणी तर याहूनहि चमत्कारिक आहे. आंतरविद्यापीठीय सामन्यांत नागपूर पश्चिम विभागांत मोडतें. क्रिकेटमध्यें मात्र विदर्भाचा संघ दुलीप करंडकासाठीं मध्य विभागांत गणला जातो. राज्य महाराष्ट्र झालें, पण क्रिकेटच्या वहींत जुना मध्यप्रांत अजून जिवंत आहे. एकच नागपूरकर मुलगा बॅट हातांत घेतली कीं 'मध्य' होतो आणि विद्यापीठाचा बास्केटबॉल हातांत घेतला कीं 'पश्चिम' होतो! अशा रेघा व्यवस्थेसाठीं आवश्यक असतात, त्यांची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. पण कचेरींत ओढलेली रेघ एखाद्याच्या अंतःकरणांत कर्तव्य उत्पन्न करूं शकत नाहीं, इतकें यावरून दिसावें.

तर मग कर्तव्य कोठून उत्पन्न होतें? तें माणसांपासून उत्पन्न होतें. ज्या शिक्षकानें पहांटे पांच वाजतां येऊन मैदानाचें कुलूप उघडलें, ज्या सवंगड्यानें आपले बूट काढून दिले, ज्या शेजारणीनें सामन्याच्या दिवशीं डबा पाठविला, त्यांचें ऋण खरें असतें. भूमीवरची निष्ठा या नांवाखालीं आपण ज्याला मान देतों तें वस्तुतः या ऋणांचेंच एक गाठोडें असतें. म्हणूनच तें रेघ बदलल्यानें नाहींसें होत नाहीं, आणि नुसत्या रेघेनें निर्माणहि होत नाहीं. आम्ही त्या गृहस्थांस मातीचें नांव सांगितलें, तें या अर्थानें अगदीं खोटें नव्हतें. परंतु अर्धें होतें. कारण ऋण फेडण्याचा एकच मार्ग, तो म्हणजे तेथेंच राहणें, असें कोणीं ठरविलें? मुलगा दूर जाऊन मोठा झाला आणि सुटींत परत येऊन त्याच मैदानावर पोरांना शिकवूं लागला, तर त्याचें ऋण फिटत नाहीं काय?

यावर कोणी म्हणेल कीं, मग सगळेंच मोकळें सोडा. जो अधिक देईल त्याच्याकडे खेळाडूनें जावें; बाजार आपोआप न्याय करील. या मार्गानें गेल्यास काय होतें हें पाहण्यास अमेरिकेचें उदाहरण पुरेसें आहे. तेथें महाविद्यालयांचे सामने 'कॉन्फरन्स' म्हणजे शेजारीपाजारी संस्थांच्या मंडळांतून चालत आले. १९१५ सालीं पॅसिफिक किनाऱ्यावर असें एक मंडळ स्थापन झालें. २०२४ सालीं त्यांतील बारापैकीं दहा संस्था बाहेर पडल्या, कारण दूरचित्रवाणीच्या करारांचा पैसा इतरत्र अधिक होता. त्यांतील स्टॅनफर्ड व कॅलिफोर्निया हीं दोन विद्यापीठें पॅसिफिकच्या कांठीं बसून 'अटलांटिक कोस्ट' या मंडळाचीं सभासद झालीं. आतां त्यांच्या विद्यार्थ्यांस मंडळांतला 'शेजारी' गांठण्यासाठीं एक अख्खें खंड ओलांडावें लागतें.

त्या व्यवहारांत एक मोठा न्यायहि झाला, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. विद्यार्थ्यांच्या घामावर संस्थांनीं कित्येक दशकें अपार पैसा मिळविला व त्यांना शिष्यवृत्तीपलीकडे कांहीं घेऊं दिलें नाहीं. वर त्याला शुद्ध हौशीपणाचें गोंडस नांव दिलें. २०२१ पासून विद्यार्थ्यांस स्वतःच्या नांवावर पैसे मिळविण्याची मुभा मिळाली, आणि २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठें त्यांना प्रत्यक्ष मोबदला देऊं लागलीं. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक संस्थेस सुमारें २ कोटि ५ लक्ष डॉलर. ज्याचे श्रम त्याला मोल, यांत गैर कांहीं नाहीं. पण याच बाजारांत लहान संस्थांचें काय झालें? पेनसिल्व्हेनियांतील सेंट फ्रान्सिस या लहानशा कॅथलिक विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ मार्च २०२५ मध्यें राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोंचला व पहिल्याच सामन्यांत दोन गुणांनीं हरला. त्यानंतर आठवड्याभरांत विद्यापीठानें जाहीर केलें कीं, आपण सर्वोच्च वर्ग सोडून, जेथें खेळासाठीं शिष्यवृत्ति दिली जात नाहीं त्या तिसऱ्या वर्गांत जाणार. यशाच्या ऐन शिखरावरून त्यांनीं माघार घेतली. कारण त्या शिखरावर राहण्याचें भाडें त्यांच्या आवांक्याबाहेर गेलें होतें. बाजारानें खेळाडूस न्याय दिला, पण शेजार मोडला. आणि शेजार हाच ज्या स्पर्धेचा प्राण, तिला नुसत्या नफ्यानें किती दिवस जगवितां येईल?

ही गोष्ट दूरदेशची म्हणून सोडून देतां येणार नाहीं. आपल्याकडे विद्यापीठीय खेळांतील सर्वश्रेष्ठतेचा मौलाना अबुल कलाम आझाद करंडक १९५६-५७ पासून दिला जातो. २०२४ चा हा करंडक चंडीगढ विद्यापीठास मिळाला. खासगी विद्यापीठाच्या हातीं तो प्रथमच गेला, आणि दुसरा क्रमांकहि लव्हली प्रोफेशनल या खासगी विद्यापीठाचाच होता. यांत दोष नाहीं. उत्तम मैदानें बांधून गुणी मुलांस बोलावणें हें स्वागतार्हच आहे. पण यामुळें जुन्या विद्यापीठांच्या आणि लहान महाविद्यालयांच्या क्रीडा-संचालकांना गांवोगांव फिरून सतरा वर्षांचीं मुलें हेरावीं लागतात, आणि एस. टी. च्या वाहकाच्या ओसरीवर दोन मोटारी एकाच आठवड्यांत येऊन उभ्या राहतात, हें नवें वास्तव आहे.

भूमि आणि बाजार यांच्यामध्यें आपल्या देशाला तिसरा एक मार्ग पूर्वींपासून ठाऊक आहे, तो आश्रयाचा. त्याचें सर्वांत थोर उदाहरण नागपूरचेंच आहे. कोट्टारी कनकय्या नायडू, ज्यांना सारा देश सी. के. म्हणून ओळखतो, १८९५ सालीं नागपुरांत जन्मले, येथेंच शिकले आणि खेळले. १९२३ सालीं होळकर महाराजांच्या आमंत्रणावरून ते इंदूरला गेले व त्या संस्थानच्या सैन्यांत अधिकारी झाले. १९३२ सालीं लॉर्ड्सच्या मैदानावर भारताच्या पहिल्या कसोटी सामन्यांत संघाचें नेतृत्व त्यांनीं केलें. पुढें होळकरांच्या संघानें १९४५-४६ ते १९५२-५३ या काळांत चार वेळां रणजी करंडक जिंकला, तो गोळा केलेल्या खेळाडूंच्या बळावरच. नागपूरनें नायडूंस फितूर म्हटलें काय? नाहीं. १९६७ सालीं इंदूर येथें त्यांचा अंत झाला, तरी नागपूर त्यांना आपलेंच म्हणत राहिलें आहे, आणि इंदूरहि. कारण इंदूरनें त्यांना एका हंगामासाठीं आणलें नव्हतें. त्यांना दर्जा, वेतन आणि घर दिलें, व पाहुणा तेथें घरधनी झाला.

आश्रयाचा गुण हा कीं, त्यांत माणूस संपूर्ण स्वीकारला जातो, केवळ त्याचा उजवा हात नव्हे. दोष हा कीं, तो आश्रयदात्याच्या मर्जीवर टांगलेला असतो. संस्थानें गेलीं आणि कांहीं वर्षांत होळकरांचा संघहि गेला. राजाच्या औदार्यावर आज कोणी संस्था उभी करूं शकणार नाहीं, आणि करूंहि नये. पण आश्रयांतला तो गुण करारांत उतरवितां येईल काय? हा आमच्या मतें या विषयाचा खरा गाभा आहे. आणि त्याचें उत्तर शोधतांना आम्हांस पुन्हां विदर्भाच्या संघाकडेच यावें लागलें.

मुंबईचा वसीम जाफर हा विदर्भाकडून खेळावयास आला तेव्हां त्याची उमेद सरत आली आहे असें बहुतेकांस वाटत होतें. २०१६-१७ च्या हंगामांत दुखापतीमुळें तो खेळूं शकला नाहीं. कराराचा कोरडा अर्थ काढला असता तर, खेळ नाहीं तर मोबदला नाहीं, असें म्हणण्यास जागा होती. विदर्भ क्रिकेट संघटनेनें तसें केलें नाहीं. ठरलेलें मानधन त्याला दिलें. आणि पुढच्या हंगामांत जाफर विदर्भासाठीं विनामोबदला खेळला. त्याच हंगामांत, १ जानेवारी २०१८ रोजीं, विदर्भानें दिल्लीचा पराभव करून पहिल्यानें रणजी करंडक जिंकला. विजयाची धाव जाफरच्या बॅटीतून निघाली. आणि तो सामना झाला कोठें? इंदूरच्या होळकर मैदानावर! ज्या गांवानें पंचाण्णव वर्षांपूर्वीं नागपूरचा मोठा खेळाडू नेला होता, त्याच गांवीं नागपूरच्या संघानें मुंबईच्या पाहुण्याच्या हातून आपलें पहिलें यश घेतलें.

पाहुण्याचें कौतुक करतांना घरच्यांस विसरूं नये. त्या सामन्यांत पहिल्याच डावांत त्रिक्रम करून दिल्लीला रोखणारा रजनीश गुरबाणी, शतक झळकविणारा अक्षय वाडकर, कर्णधार फैज फझल, हे सारे विदर्भाचेच. २०२५ सालीं वाडकर स्वतः कर्णधार होता. त्या अंतिम सामन्यांत दीडशेंवर धावा करणारा दानिश मालेवार आणि हंगामांत ६९ बळींचा विक्रम करणारा हर्ष दुबे हेहि विदर्भाचेच. म्हणजे पाहुणे आले म्हणून घरचीं मुलें ओसरीवर बसलीं नाहींत. पाहुण्यांच्या शेजारीं उभीं राहून तीं वाढलीं. नायर दुसऱ्याच वर्षीं कर्नाटकाकडे परत गेला, तरी विदर्भाचें घर रिकामें झालें नाहीं. ज्या घरीं पाहुणा गेल्यावर चूल विझते त्या घरानें पाहुणचार केला नव्हता. उसनवारी केली होती.

जाफरच्या गोष्टींत त्या वाहक-बापाच्या प्रश्नाचें उत्तर आहे. गुडघा गेल्यावर संस्था काय करते, हीच तिच्या निष्ठेची कसोटी. आणि खेळाडूची निष्ठा ही तिच्या मागून येते, पुढून नव्हे. जो बलवान आहे, ज्याच्या हातीं खोली, फी आणि संघांतली जागा आहे, त्यानें प्रथम एकनिष्ठ असावें. दुबळ्याकडे आधीं निष्ठा मागणें आणि आपण सोयीप्रमाणें वागणें याला निष्ठेचें नांव देणें हा त्या शब्दाचा अपमान आहे. आम्ही उन्हाळ्यांत जो उपदेश केला त्यांत नेमकी हीच चूक होती. सतरा वर्षांच्या पोराला आम्ही कर्तव्य सांगितलें, आणि त्याच्या दारांत मोटार घेऊन आलेल्या प्रौढांना कांहींच विचारलें नाहीं.

महाविद्यालयाची जबाबदारी तर क्रिकेट संघटनेपेक्षांहि मोठी आहे. संघटना खेळाडूचा खेळ घेते आणि मोबदला देते. तेथें व्यवहार पुरा होतो. महाविद्यालय मात्र त्याला विद्यार्थी म्हणून दाखल करून घेतें. बास्केटबॉलचा उगम या बाबतींत लक्षांत ठेवण्यासारखा आहे. १८९१ च्या डिसेंबरांत स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें हिंवाळ्यांत कंटाळलेल्या आपल्या वर्गासाठीं हा खेळ शोधून काढला; फळांच्या दोन टोपल्या सज्ज्याच्या कठड्याला टांगल्या आणि तेरा नियम लिहिले. हा खेळ जन्मला तोच मुळीं वर्गांत, शिकविण्याचा एक भाग म्हणून. तेव्हां ज्या महाविद्यालयानें खेळासाठीं मुलगा आणला, पण त्याला वर्गांत बसविलें नाहीं, त्याच्या हजेरीचा कागद परस्पर भरला, आणि तीन वर्षांनीं कोरड्या पदवीनिशीं किंवा पदवीविना त्याला घरीं धाडलें, त्यानें त्या मुलाची व खेळाची दोघांचीहि फसवणूक केली, मग भिंतीवरच्या कपाटांत करंडक कितीहि असोत.

यावरून तीन गोष्टी आम्हांस स्पष्ट दिसतात. पहिली ही कीं, जें वचन हाताला दिलें तें माणसाला दिलें असें समजावें. फीमाफी आणि खोली यांचा संबंध दर आठवड्याच्या गुणांशीं नसून शिक्षणक्रम पुरा होण्याशीं असावा. दुखापत झाली तरी तें चालू राहावें. दुसरी ही कीं, बाहेरून आणलेल्या मुलाबरोबर घरच्या मुलालाहि वाढण्याची जागा असावी. नागपुरांत शिवाजीनगरच्या मैदानावर संध्याकाळीं चेंडू आपटणाऱ्या पोरांना जर दिसूं लागलें कीं, आपल्या शहरच्या महाविद्यालयांत आपल्याला बांकावरचीच जागा आहे, तर तीं पोरें मैदानावर येणें सोडतील. आणि तीं सुटलीं कीं बाहेरून आणलेल्यांचा खेळ पाहावयास तरी कोण येईल? तिसरी गोष्ट शेजाराची. नागपूर, अमरावती आणि गोंडवाना यांच्या रेघा कशाहि ओढल्या जावोत, पण या मुलांचे एकमेकांशीं सामने होत राहिले पाहिजेत. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें १९१४ पासून जी व्यायामाची परंपरा जोपासली ती कांहीं एका विद्यापीठापुरती नव्हती. ती साऱ्या मुलखाची होती. जवळच्या प्रतिस्पर्ध्याला हरविण्यांत व त्याच्याकडून हरण्यांत जें शिक्षण आहे तें लांबच्या अपरिचितापासून मिळत नाहीं. कारण शेजाऱ्याची उद्यां पुन्हां बाजारांत गांठ पडावयाची असते.

यावर आक्षेप येईल कीं, हें सारें मोठ्या धनिक संस्थांस शोभेल. लहान महाविद्यालयानें पैसा आणावा कोठून? आक्षेप योग्य आहे. पण त्याचें उत्तर वचन मोडणें हें नसून वचन लहान देणें हें आहे. ज्याला पांच मुलांची तीन वर्षें निभावतां येतात त्यानें पंधरा आणूं नयेत. ज्याला निम्मी फी माफ करतां येते त्यानें सगळी माफ करण्याची भाषा करूं नये. सेंट फ्रान्सिसनें खालच्या वर्गांत जाण्याचें ठरविलें तेव्हां पुष्कळांनीं हळहळ व्यक्त केली. पण न पेलणारें वैभव उतरवून ठेवणें हेंहि कांहीं वेळां प्रामाणिकपणाचें लक्षण असतें.

दुसरा आक्षेप असा कीं, संस्थेनें सर्व पाळलें आणि खेळाडूच हंगामाच्या मध्यांत अधिक देणाऱ्याकडे निघून गेला, तर? तर तो दोषी आहे, हें आम्ही निःशंकपणें म्हणूं. जेथें वचन पाळलें गेलें तेथें तें परतहि पाळलें पाहिजे. हंगाम पुरा करणें, जावयाचें तर समोर येऊन सांगून जाणें, आणि ज्यांनीं शिकविलें त्यांची आठवण ठेवणें, एवढें तरी त्याच्याकडे लागतेंच. पण हंगाम संपल्यावर उघडपणें निरोप घेऊन कोणी दुसऱ्या संघांत गेला, तर त्यास फितुरी म्हणणें अन्यायाचें आहे. माणूस म्हणजे कुळाची जमीन नव्हे.

म्हणूनच जामठ्याच्या त्या वृद्ध गृहस्थांनीं हात खालीं घेतले याचें आम्हांस आतां वाईट वाटतें. सरवटे उजळ माथ्यानें केरळकडे गेला होता आणि आपल्या नव्या संघासाठीं मनापासून खेळत होता. त्याला टाळी वाजविल्यानें विदर्भाचें कांहींच उणें होत नव्हतें. उलट, ज्या मुलाला आपण घडविलें तो दुसऱ्याच्या घरींहि मान राखून आहे, याचा अभिमान त्या टाळींत होता. ती वाजविणारा हात त्या दिवशीं मैदानावर बसलेल्या आम्हां सर्वांपेक्षां शहाणा होता.

त्या वाहक गृहस्थांस आम्ही पुन्हां बोलाविलें. या वेळीं मातीचें नांव घेतलें नाहीं. आम्ही एवढेंच सांगितलें कीं, दोन्ही संस्थांस तुमचाच प्रश्न विचारा, मुलाच्या देखत विचारा, आणि उत्तर कागदावर मागा. त्यांनीं तसें केलें. दूरच्या विद्यापीठाच्या माणसानें हंसून विषय बदलला. नागपूरच्या महाविद्यालयांतील क्रीडा-संचालक बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले कीं, असें लिहून देण्याची आमच्याकडे पद्धत नाहीं, प्राचार्यांना विचारावें लागेल. आठ दिवसांनीं त्यांनीं चार ओळींचा एक कागद आणून दिला. त्यांत हातखर्चाचा उल्लेख नव्हता, बुटांचाहि नव्हता. मुलगा खेळो वा न खेळो, पदवी होईपर्यंत फी आणि खोली राहील, इतकेंच होतें.

मुलगा आतां नागपुरांत आहे. सुटींत तो गांवीं जातो तेव्हां आपल्या जुन्या शिक्षकाच्या मैदानावर लहान मुलांस चेंडू टाकावयास शिकवितो, असें त्याचे वडील सांगतात. तो कागद त्यांनीं घडी घालून आपल्या तिकिटांच्या पेटींत ठेविला आहे. तो बाहेर काढण्याची पाळी त्यांच्यावर कधींहि येऊं नये, अशी आमची इच्छा आहे.